मोजमापांचा तपस्वी : आंरी रेन्यो

पॅरिस शहरातील एका कापडाच्या दुकानात सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एक पोरका मुलगा नोकरीस होता. ठाण सोडावे, गिऱ्हाइकाला कापड मोजून द्यावे, उरलेल्या कापडाची घडी घालून ते पुन्हा फळीवर ठेवावे, अशी कापडाच्या दुकानातील कामे तो दिवसभर करी. काम संपले की तो पुस्तक उघडून बसे. शिकवणारा कोणी नव्हता, पुस्तके विकत घेण्यास पैसाही बेताचाच होता. परंतु गणिताची आणि शास्त्रांची त्याला अशी काही ओढ होती की, दिवसभराचा थकवा त्याच्या आड येत नसे. याच मुलाने पुढे वायू, वाफा आणि द्रव यांची इतकी काटेकोर मोजमापे केली की, आगगाडीचे एंजिन बांधणाऱ्यापासून बर्फाचे यंत्र बांधणाऱ्यापर्यंत सर्वांना त्याची कोष्टके हाताशी ठेवावी लागली. त्याचे नाव आंरी व्हिक्तॉर रेन्यो.

रेन्योचा जन्म २१ जुलै १८१० रोजी आखेन या गावी झाला. हे गाव आज जर्मनीत आहे. पण त्या वेळी तेथे फ्रान्सचा सम्राट नेपोलियन याची सत्ता होती, आणि रेन्योचा बाप नेपोलियनच्या सैन्यात अधिकारी होता. १८१२ साली नेपोलियनने रशियावर स्वारी केली. त्या स्वारीतून जे असंख्य लोक परत आले नाहीत, त्यांत रेन्योचा बापही होता. पुढे थोड्याच वर्षांत आईचेही छत्र हरपले. आंरी आणि त्याची बहीण अशी दोन लेकरे उघडी पडली. बापाच्या एका मित्राने त्यांना आधार दिला आणि थोडा मोठा झाल्यावर आंरीला पॅरिसच्या त्या दुकानात लावून दिले.

फ्रान्समध्ये एकोल पॉलितेक्निक नावाची एक नामांकित विद्यालय-संस्था आहे. तिची प्रवेशपरीक्षा फार कठीण असे. चांगल्या शाळांतून, उत्तम शिक्षकांच्या हाताखाली तयार झालेली मुलेही तीत मागे पडत. दुकानात काम करून अभ्यास करणारा रेन्यो १८३० साली ती परीक्षा उतरला! दोन वर्षांनी तो तेथून खाणकामाच्या विद्यालयात गेला. तेथील शिक्षण संपल्यावर त्याने युरोपात प्रवास करून खाणी आणि कारखाने पाहिले, आणि जर्मनीत गीसन येथे लीबिग या थोर रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काही काळ काम केले.

पहिल्या काही वर्षांत रेन्यो रसायनशास्त्रातच रमला होता. क्लोरीन वायूची निरनिराळ्या पदार्थांवर क्रिया करून त्याने कित्येक नवी संयुगे तयार केली. १८३५ साली त्याने व्हिनिल क्लोराइड हा पदार्थ प्रथम मिळवला. आज घरोघर पाण्याचे जे प्लॅस्टिकचे नळ दिसतात, ते ज्या पदार्थाचे असतात तो या व्हिनिल क्लोराइडपासूनच तयार होतो. १८३९ मध्ये त्याने कार्बन टेट्राक्लोराइड हा द्रव तयार केला. या द्रवाची हकीगत मोठी चमत्कारिक आहे, ती पुढे येईलच.

१८४० साली गे-ल्यूसॅक या विख्यात शास्त्रज्ञाच्या जागी पॉलितेक्निकमध्ये रसायनशास्त्राचा प्राध्यापक म्हणून रेन्योची नेमणूक झाली. त्याच वर्षी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्याला सभासद करून घेतले. वय अवघे तीस. दुसऱ्याच वर्षी कॉलेज द फ्रान्स या संस्थेत तो पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक झाला, आणि येथून त्याच्या आयुष्याला निराळे वळण लागले.

त्या वेळी युरोपात वाफेच्या यंत्रांचा सुकाळ होता. कारखान्यांत, आगगाड्यांत, जहाजांत, जिकडे तिकडे बॉयलर धडधडत होते. भाताच्या पातेल्यावरील झाकण वाफेने थडथडते, हे सर्वांनीच पाहिलेले असते. तीच वाफ बंद बॉयलरात कोंडली आणि खाली विस्तव वाढवला, तर तिचा दाब भराभर वाढत जातो. किती उष्णतेला किती दाब होतो, हे नेमके ठाऊक नसेल तर पत्रा किती जाड घ्यावा हे कसे ठरवायचे? पत्रा पातळ घेतला तर बॉयलर फुटे, आणि जवळपासची माणसे प्राणास मुकत. फार जाड घेतला तर लोखंड आणि कोळसा वाया जाई. दाबाचे आकडे अनेकांनी दिले होते. पण एकाचे आकडे दुसऱ्याशी जुळत नव्हते. म्हणून वाफेच्या यंत्रांना लागणारी सर्व मापे नव्याने आणि निर्णायक रीतीने काढावीत, असे काम फ्रान्सच्या सरकारने रेन्योवर सोपवले. त्यासाठी लागणारा पैसाही दिला.

रेन्योने प्रथम एक प्रश्न स्वतःला विचारला. उष्णता मोजायची ती तापमापकाने. पण तापमापक तरी बरोबर आहे का? पाऱ्याचा तापमापक काचेच्या नळीत असतो. तापवले की पारा फुगतो तशी काचही फुगते, आणि दोन प्रकारच्या काचा सारख्या फुगत नाहीत. त्यामुळे शून्यावर आणि शंभरावर तंतोतंत जुळणारे दोन तापमापक दोनशे-तीनशे अंशांवर निरनिराळे आकडे दाखवू लागतात. मग हवेचा तापमापक वापरावा, असे त्याने ठरवले. पण त्यासाठी तापवल्यावर हवा किती फुगते हे माहीत हवे. गे-ल्यूसॅकचा आकडा त्या वेळी सर्वमान्य होता. त्या आकड्याप्रमाणे शून्य अंशाची १००० घन सेंटिमीटर हवा शंभर अंशांवर १३७५ घन सेंटिमीटर झाली पाहिजे. स्वीडनच्या रूडबेर्ग याने या आकड्याविषयी शंका काढली होती. रेन्योने अनेक निरनिराळ्या पद्धतींनी प्रयोग केले, आणि बर्लिनमध्ये माग्नुस यानेही त्याच सुमारास केले. दोघांनाही १३६६ ते १३६७ च्या दरम्यानचा आकडा मिळाला. ज्याच्या खुर्चीवर रेन्यो नुकताच बसला होता, त्याच गे-ल्यूसॅकचा आकडा चुकीचा ठरला! फरक दिसायला लहान आहे. पण सर्वांत खालचे तापमान शून्याखाली २६७ अंशांवर आहे की २७३ अंशांवर, याचा निकाल त्या लहानशा फरकावर अवलंबून होता.

रेन्योच्या कामाची रीत कशी होती, हे हवेच्या वजनाच्या प्रयोगावरून चांगले कळते. एक मोठा काचेचा गोळा घेऊन त्यातील हवा काढून टाकावी आणि वजन करावे. मग हवा भरून पुन्हा वजन करावे. दोहोंतील फरक म्हणजे आतील हवेचे वजन, हे कोणालाही सुचेल. परंतु येथे एक अडचण आहे. पाण्यात बुडवलेली घागर जशी हलकी लागते, तसा तो गोळाही भोवतालच्या हवेत किंचित हलका होतो. हवामान बदलले, हवा थोडी दमट झाली किंवा थोडी तापली, की हा हलकेपणाही बदलतो. मोजायचे ते वजनच इतके थोडे, की एवढ्या बदलानेही उत्तर बिघडते. रेन्योने तराजूच्या दुसऱ्या बाजूला नेहमीची वजने एकटी ठेवली नाहीत. तेथे बाहेरून तंतोतंत तेवढ्याच आकाराचा, तशाच काचेचा दुसरा बंद गोळा टांगला. आता भोवतालची हवा कशीही बदलो, ती दोन्ही गोळ्यांना सारखीच उचलणार. अडचण दूर करण्यासाठी लांबलचक आकडेमोड न करता ती उपजूच नये अशी मांडणी करावयाची, ही रेन्योची खरी हातोटी होती. एक लिटर कोरड्या हवेचे वजन १.२९३ ग्रॅम असते, हा आकडा त्याने अशा रीतीने ठरवला.

वाफेचा दाब मोजण्याचे काम मात्र याहून अवजड होते. त्यासाठी त्याने एक भक्कम बंद भांडे केले. त्यात तापमापकांसाठी चार नळ्या होत्या. दोन पाण्यात बुडालेल्या आणि दोन वरच्या वाफेत. हे भांडे एका मोठ्या टाकीला जोडलेले असे. टाकीत हवा कोंडून किंवा तिच्यातील हवा काढून हवा तेवढा दाब ठेवता येई. वाफ वर जाऊन थंड होई आणि पाणी होऊन परत भांड्यात पडे. त्यामुळे पाणी तासन्‌तास एकसारखे उकळत राही, कमी होत नसे आणि दाबही ढळत नसे. मग चारही तापमापक वाचावयाचे. कमी दाबात पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळते, म्हणूनच उंच डोंगरावर डाळ लवकर शिजत नाही. आणि जास्त दाबात पाणी शंभराच्या पुढे गेल्यावाचून उकळत नाही. दाब मोजण्यासाठी उभ्या नळीत पारा असे. हवेच्या नेहमीच्या दाबाने पारा ७६ सेंटिमीटर चढतो. रेन्योला त्याच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट दाब मोजायचा होता. म्हणजे वीस मीटरांहून उंच पाऱ्याचा स्तंभ हवा! पाच-सहा मजली घराएवढी ती उंची झाली. असा स्तंभ उभारून, त्याच्या उंचीवर जागोजागी उभे राहून आकडे घ्यावे लागत. खालचा पारा आणि वरचा पारा यांच्या उष्णतेत फरक पडला तर तोही हिशेबात धरावा लागे.

असे एक-दोन नव्हे, शेकडो प्रयोग झाले. १८४७ साली या सर्व कामाचा वृत्तान्त विज्ञान अकादमीने एका प्रचंड ग्रंथात छापला. प्रत्येक प्रयोगाचे आकडे, उपकरणांची चित्रे, अडचणी आणि त्यांवरील उपाय हे सर्व त्यात होते. दुसऱ्या वर्षी इंग्लंडच्या रॉयल सोसायटीने त्याला रम्फर्ड पदक दिले, आणि १८६९ मध्ये आपले सर्वांत मानाचे कोप्ली पदकही दिले. बॉइलचा नियम कोणताही वायू अगदी तंतोतंत पाळत नाही, हेही रेन्योनेच मोजून दाखवले. हवा आणि कार्बन डायऑक्साइड हे दाबल्यावर नियमापेक्षा थोडे अधिक आकसतात, हायड्रोजन थोडा कमी आकसतो. शाळेत शिकवला जाणारा हा नियम खोटा नाही. तो जवळजवळ खरा आहे, आणि किती जवळ हे मोजता येते.

१८४५ साली स्कॉटलंडहून आलेला एक विशीतला तरुण काही महिने रेन्योच्या प्रयोगशाळेत राबत होता. हवा काढण्याचा पंप चालवणे यांसारखी साधी कामे त्याच्या वाट्याला येत. विल्यम थॉमसन हे त्याचे नाव. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून तो जगप्रसिद्ध झाला. उष्णतेपासून काम कसे मिळते याचा शोध घेताना त्याने जे आकडे आधाराला धरले, ते रेन्योच्या वाफेचेच होते. रेन्यो स्वतः मोठमोठी तत्त्वे मांडण्याच्या फंदात फारसा पडला नाही, अशी त्याच्यावर टीका होत असे. टीकेत तथ्य नाही असे नाही. पण ज्यांनी तत्त्वे मांडली, त्यांना पाय ठेवण्यास भूमी रेन्योने दिली, हेही तितकेच खरे.

आता त्याच्या कामाचा असा भाग येतो, की ज्याचा संबंध उष्णतेपेक्षा थंडीशी अधिक आहे. हातावर स्पिरिटचा थेंब टाकला तर तो उडून जाताना हात गार पडतो. मातीच्या माठातून पाझरलेले पाणी वाऱ्याने सुकते म्हणून आतील पाणी गार होते. द्रवाची वाफ होण्यास उष्णता लागते, आणि ती उष्णता तो जवळच्या वस्तूतून ओढून घेतो. याच युक्तीवर रेन्योने हवेतील ओलावा मोजण्याचे एक सुबक उपकरण केले. चांदीच्या लहानशा पेल्यात ईथर घालून त्यातून हवेचे बुडबुडे सोडावयाचे. ईथर उडते, चांदी गार पडते, आणि एका विशिष्ट उष्णतामानाला तिच्यावर अकस्मात दव दिसू लागते. ते उष्णतामान वाचले की हवेत ओलावा किती, हे कोष्टकावरून समजते. हे उपकरण पुढे कितीतरी देशांतील विद्यालयांत जाऊन पोहोचले.

पाणी आणि ईथर यांवर न थांबता रेन्योने थंडी निर्माण करणाऱ्या इतर द्रव्यांचीही मापे घेतली. अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, कार्बन डायऑक्साइड हे नेहमीच्या हवेत वायुरूप असतात. दाबून आणि थंड करून त्यांना द्रव करता येते. पण तो द्रव पुन्हा वायू होण्यास सदैव टपलेला असतो. अमोनिया शून्याखाली ३३ अंशांवरच उकळतो. वीस अंश उष्णतेला कार्बन डायऑक्साइडचा द्रव कोंडून ठेवायचा तर भांड्याला हवेच्या दाबाच्या पन्नासपटीहून अधिक दाब सोसावा लागतो. अमोनिया डोळ्यांना आणि घशाला झोंबतो, सल्फर डायऑक्साइड श्वास कोंडतो, आणि भांड्याला एखादी बारीक चीर असली तरी ते फुटण्याचे भय असते. अशा द्रव्यांचे दाब आणि उष्णता रेन्योने पाण्याइतक्याच काटेकोरपणे मोजल्या. १८६२ साली त्याच्या ग्रंथाचा दुसरा खंड निघाला, त्यात ही सारी कोष्टके आहेत.

वेळ मोठी योग्य होती. त्या दिवसांत बर्फ म्हणजे थंड देशांतील तळ्यांवरून कापून आणण्याची वस्तू होती. मुंबईलादेखील अमेरिकेतील तळ्यांचा बर्फ जहाजातून, भुशात गुंडाळून येत असे. फ्रान्समध्ये फेर्दिनां कारे याने १८५९ च्या सुमारास अमोनिया आणि पाणी यांच्या मिश्रणावर चालणारे बर्फाचे यंत्र केले. मिश्रण तापवले की पाण्यातून अमोनिया निघतो; तो थंड झाला की द्रव होतो; त्याची पुन्हा वाफ होताना भोवतालचे पाणी गोठते; आणि वाफ परत पाण्यात विरते. विस्तवाच्या जोरावर बर्फ करणारे हे यंत्र १८६२ च्या लंडनच्या प्रदर्शनात लोकांनी तोंडात बोट घालून पाहिले. पुढे १८७० नंतर जर्मनीच्या लिंडे याने अमोनियाची दाबयंत्रे बांधली. अशा यंत्रांतील दट्ट्या केवढा हवा, नळ्या किती जाड हव्यात, हे ठरवण्यासाठी अभियंत्यांना बाष्पदाबाची कोष्टके लागत, आणि त्यांच्या पुस्तकांतील कोष्टके दीर्घकाळ रेन्योच्या आकड्यांवरूनच केलेली असत.

मिश्रणांचा प्रश्न रेन्योने स्वतःही हाती घेतला होता. एका बंद भांड्यात दोन द्रव एकत्र ठेवले, तर त्यांच्या वाफेचा दाब किती होईल? दोघांच्या दाबांची बेरीज करावी, असे सहज वाटते. रेन्योने हे मोजून पाहिले. कार्बन डायसल्फाइड आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. वीस अंशांवर पहिल्याचा दाब पाऱ्याच्या २९८ मिलिमीटरांएवढा आणि दुसऱ्याचा १७ मिलिमीटरांएवढा असतो. दोन्ही एकत्र ठेवल्यास सुमारे ३१५, म्हणजे बेरजेएवढाच दाब मिळतो. पण कार्बन डायसल्फाइड आणि ईथर हे एकमेकांत पूर्ण मिसळणारे द्रव आहेत. ईथरचा दाब ४३३ धरला तर बेरीज ७३१ व्हावी. ती मुळीच होत नाही. दाब पुष्कळच कमी भरतो, आणि कोणता द्रव किती मिसळला आहे त्याप्रमाणे बदलतो. एकमेकांत विरघळलेले द्रव एकमेकांच्या वाफेला आवर घालतात. याचे कारण सांगणारा नियम राऊल्ट याने १८८० नंतरच्या दशकात मांडला. त्याच्या आधीच रेन्योने आकडे लिहून ठेवले होते.

एवढ्यावरून हा मनुष्य चार भिंतींत कोंडून घेणारा होता, असे समजू नये. छायाचित्रणाची कला त्या काळी नुकतीच जन्मली होती. रेन्यो तिचा मोठा शौकीन होता आणि फ्रान्सच्या छायाचित्रण संस्थेचा पहिला अध्यक्षही तोच झाला. रेझे याच्यासह त्याने प्राण्यांच्या श्वासोच्छ्वासावर प्रयोग केले, ते १८४९ मध्ये प्रसिद्ध झाले. पॅरिसच्या रस्त्यांखाली घातलेल्या लांबच लांब नळांतून पिस्तुलाचा बार सोडून त्याने ध्वनीचा वेग मोजला. १८५० नंतर लवकरच सेव्र येथील प्रसिद्ध चिनीमातीच्या कारखान्याचा संचालक म्हणून त्याला नेमण्यात आले. पॅरिसजवळच्या या गावी त्याने आपली नवी प्रयोगशाळा थाटली. निवडक तापमापक, दाबमापक आणि नाजूक तराजू तेथे होते, आणि वर्षानुवर्षांची टिपणे रचून ठेवलेली होती. ग्रंथाचा तिसरा खंड १८७० साली निघाला.

त्याच वर्षी फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा दिला आणि सेव्र गाव शत्रूच्या हाती गेले. प्रयोगशाळेचे छप्पर कोसळले नाही, भिंतीही उभ्या होत्या. पण आतील तापमापकांच्या नळ्या मोडलेल्या होत्या, दाबमापक फुटले होते, तराजूंच्या दांड्या निकामी झाल्या होत्या, आणि टिपणांची राख झाली होती. काचेची नळी पुन्हा करता येते. एका आकड्यासाठी घालवलेला महिना पुन्हा आणता येत नाही.

याहून मोठा घाव अजून बाकी होता. रेन्योचा मुलगा आंरी हा चित्रकार होता. १८६६ मध्ये त्याला फ्रान्सच्या चित्रकारांतील सर्वांत मोठे पारितोषिक मिळाले होते, आणि १८७० मध्ये प्रदर्शनात मांडलेल्या त्याच्या सालोमे या चित्राने पॅरिसमध्ये मोठी खळबळ उडवली होती. हे पारितोषिक मिळवणाऱ्यास सैन्यात जाण्याची सक्ती नसे. युद्धाची बातमी आली तेव्हा तो मोरोक्कोत होता. तो परत आला आणि आपण होऊन सैनिक झाला. १९ जानेवारी १८७१ रोजी वेढा फोडण्याची अखेरची चढाई झाली. त्या दिवशी ब्यूझांव्हाल येथे गोळी लागून तो पडला. त्याचे वय सत्तावीस वर्षांचे होते. पुढे दहाच दिवसांत युद्ध थांबले.

रेन्यो आपल्या बापाला युद्धात मुकला तेव्हा त्याला काही कळत नव्हते. आता साठाव्या वर्षी त्याला सर्व कळत होते. मोडलेली प्रयोगशाळा कदाचित त्याने पुन्हा उभारली असती; पण मन आणि शरीर दोन्ही खचले. १८७२ मध्ये त्याने शास्त्रीय कामातून अंग काढून घेतले. पुढची काही वर्षे आजारात गेली. १९ जानेवारी १८७८ रोजी त्याचे निधन झाले. मुलाच्या मृत्यूला त्या दिवशी बरोबर सात वर्षे पूर्ण होत होती.

त्याच्या मागे त्याच्या कामाचे काय झाले? १८८० नंतरच्या दशकात जिनेव्हाच्या पिक्ते याने कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड यांचे मिश्रण थंडीच्या यंत्रात वापरून पाहिले. पुढे पन्नास वर्षे ही निसर्गात सापडणारी द्रव्येच बर्फाचे कारखाने चालवीत होती. परंतु घरात ठेवायच्या यंत्रांत विषारी किंवा पेट घेणारी द्रव्ये नकोत, म्हणून १९३० च्या सुमारास फ्रिऑन नावाची कृत्रिम द्रव्ये आली. त्यांतील प्रमुख द्रव्य ज्या द्रवापासून तयार करीत, तो होता कार्बन टेट्राक्लोराइड. रेन्योने तरुणपणी, १८३९ साली प्रथम तयार केलेला! फ्रिऑन विषारी नव्हते आणि पेटतही नव्हते. पण हवेत सुटलेले फ्रिऑन फार वर आकाशात जाऊन, सूर्याच्या प्रखर किरणांपासून आपले रक्षण करणाऱ्या ओझोनच्या थराला खाते, असे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. १९८७ साली माँट्रिऑल येथे राष्ट्रांनी करार केला, आणि ही द्रव्ये टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली. त्यांच्या जागी आणलेल्या दुसऱ्या कृत्रिम द्रव्यांनी पृथ्वीची उष्णता वाढते असे दिसून आले. तेव्हा तीही कमी करण्याचे २०१६ मध्ये किगाली येथे ठरले.

अशा रीतीने यंत्रे बांधणारे पुन्हा अमोनिया, कार्बन डायऑक्साइड, प्रोपेन, आयसोब्यूटेन या नैसर्गिक द्रव्यांकडे वळले आहेत. आज घरोघरच्या पुष्कळ शीतकपाटांत आयसोब्यूटेनच असते. एकेका द्रव्यात एकेक उणीव आहे. प्रोपेन पेटते, कार्बन डायऑक्साइड पेटत नाही, पण त्याला प्रचंड दाब लागतो. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळली तर पेटण्याची भीती कमी होते आणि दाबही आवाक्यात येतो. मात्र मिश्रणाची एक खोड आहे. शुद्ध द्रव ठरावीक दाबाला एकाच उष्णतामानावर उकळतो, तर मिश्रण उकळताना त्यातील लवकर उडणारा भाग आधी निघून जातो आणि उष्णतामान हळूहळू चढत जाते. मिश्रणात कोणता भाग किती, यावर ही चढण लहान किंवा मोठी होते. दोन्ही द्रव्यांची कोष्टके वेगवेगळी पाहून ती नेमकी सांगता येत नाही. प्रत्येक मिश्रण मोजावेच लागते.

ते मोजण्याची साधने आता निराळी आहेत. पाऱ्याच्या वीस मीटर उंच स्तंभाऐवजी तळहातावर मावणारे दाबमापक आहेत. पोलादाच्या बारीक नळीत मिश्रण भरून, ती नळी किती वेळात एक हेलकावा घेते यावरून घनता काढतात. तरी प्रयोग सुरू करण्यापूर्वी प्रत्येक द्रव्य तराजूवर तोलूनच भांड्यात भरतात, भांड्यातील हवा पंपाने आधी काढून टाकतात, आणि उष्णतामान सगळीकडे एकसारखे होईपर्यंत तासन्‌तास वाट पाहतात. पॅरिसमध्ये १८८९ साली आयफेल मनोरा उभा राहिला. त्याच्या चारी बाजूंना फ्रान्सच्या बहात्तर शास्त्रज्ञांची आणि अभियंत्यांची नावे मोठ्या अक्षरांत कोरलेली आहेत. त्यांत रेन्यो हे नाव आजही वाचता येते.